ओटी भरलेल्या चारशे बारा जागा

फौजेत मी तोफखान्याच्या सर्व्हे तुकडीत चोवीस वर्षं काढली. तिथं नकाशा म्हणजे लोखंडी पेटीतली वस्तू. सही करून घ्यायचा, काम झालं की सही करून परत द्यायचा, आणि मधल्या वेळात त्याच्यावर चहाचा थेंब जरी पडला तरी सुभेदारसाहेब सात पिढ्यांचा उद्धार करायचे. त्यामुळे आष्ट्याचा सम्मेद आमच्या चावडीत उभा राहून म्हणाला, "ह्यो नकाशा कुणाच्या मालकीचा न्हाई. कुणीबी उघडावा, कुणीबी भर घालावी, चुकलं तर कुणीबी दुरुस्त करावं," तेव्हा माझं डोकंच सटकलं.

"आन कुणीबी बिघडवावा, व्हय?" मी मागून ओरडलो.

सम्मेद बत्तीस वर्षांचा. पुण्यातली कॉम्प्युटरची नोकरी सोडून घरी परतलेला, वडलांचा ऊस बघत लॅपटॉपवर कामं करणारा. तो चिडला नाही. "बिघडवणारा एक असतोय तात्या, नीट करणारे धा लागत्यात," तो म्हणाला, "आमच्यात सध्या दोनच हायती." त्या दोघांतला एक तो स्वतः होता.

त्याचं म्हणणं सरळ होतं. पावसाळ्यात सांगलीच्या आयर्विन पुलावर कृष्णेचं पाणी किती फूट आहे ते सगळ्यांच्या मोबाइलवर येतं. पण पुलावर पन्नास फूट म्हणजे आमच्या गावात कुणाच्या उंबऱ्याला किती, हे कुणालाच सांगता येत नाही. गेल्या पुरांत पाणी कुठं कुठं पोचलं होतं ते लोकांना विचारून नकाशावर टाकायचं. पुढच्या वेळी पुलावरचा आकडा घातला, की गल्लीगल्लीतलं पाणी आधीच दिसेल. सॉफ्टवेअर फुकट होतं, जगभरच्या माणसांनी मिळून लिहिलेलं. कमी होती ती माणसांची.

मी घरी जाऊन बायकोला म्हणालो, पोरगं येडं आहे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आष्ट्यात त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो.

कारण सांगतो, सांगायला जड जातंय तरी. २०१९ ला पाणी चढायला लागलं तेव्हा आमच्या घाटगल्लीतली माणसं मला विचारायला आली. फौजी माणूस, नकाशे वाचलेला, त्यात बोलायची हौस. मी मारुतीच्या देवळाजवळच्या दगडाकडं बोट केलं आणि सांगितलं, "२००५ ला पाणी ह्या दगडाला लागून माघारी गेलं. ह्याच्या वर येणार न्हाई. निवांत ऱ्हावा." शेजारच्या बाळासोनं, माझ्या शाळेपासूनच्या दोस्तानं, सामान भरायला ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली होती. माझ्या शब्दावर त्यानं ती सोडली. पाणी त्या दगडाच्या किती वर गेलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. बाळासो, त्याची बायको विजयमाला आणि पोरगी प्रियदर्शनी तीन दिवस गच्चीवर अडकली. तिसऱ्या दिवशी त्याच्या छातीत कळ आली. बोट पोचली तेव्हा तो संपलेला होता.

विजयमाला वहिनी मला एका शब्दानं काही बोलल्या नाहीत. त्या दिवशी नाहीत आणि त्यानंतरही नाहीत, भिंतीला भिंत लागून असून. शिव्या घातल्या असत्या तर मला झोप तरी लागली असती.

तर सम्मेदच्या जोडीला मी लागलो. पहिली बैठक चावडीत घेतली, चाळीस बाप्ये जमले. पाणी कुठवर आलं होतं म्हणून विचारलं. एक म्हणाला, "आमच्यात पंख्याला लागलं व्हतं." शेजारचा म्हणाला, "आमच्यात पंखाच दिसत नव्हता." सम्मेद बिचारा सगळं लिहून घेत होता. संध्याकाळी त्यानं ते नकाशावर टाकलं तर कृष्णा चढावर वाहत होती. एका भिंतीच्या दोन बाजूंना राहणाऱ्या सख्ख्या भावांच्या घरांत पाणी चार फुटांच्या फरकानं उभं होतं.

"पानी हाय का मेंढरू," मी म्हणालो, "मनाला यील तिकडं चढाया?"

चूक आमच्यासारख्यांनाच जमावी अशी होती. पुरात बाप्ये म्हशी घेऊन माळावर गेलेले, त्यांनी पाणी बघितलंच नव्हतं, फोनवर ऐकलं होतं. जे होते त्यांनी नंतर घरात मुरूम टाकून जमीन वर घेतलेली आणि आता मापं सांगत होते त्या नव्या जमिनीपासून. आणि मला माहीत नाही, असं चारचौघांत म्हणायची आमच्या चावडीत पद्धत नाही. त्यात मी सगळ्यांच्या पुढं, हे वेगळं सांगायला नको.

देवळाच्या कट्ट्यावर अंबूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. वय पंच्याऐंशी, दात चार, पण नजर घारीची. आमचं भांडण बराच वेळ ऐकून त्या म्हणाल्या, "बाप्यास्नी काय इचारतुयास आकाराम? वटी कुटं भरली ते बायकास्नी इचार की."

आमच्याकडं नदी गावात शिरली की बायका तिची ओटी भरतात. खण, नारळ, हळदकुंकू घेऊन पाण्याच्या कडेला जायचं, जिथं पाणी टेकलं असेल त्याच पायरीवर, त्याच दगडावर बसायचं आणि म्हणायचं, आलीस, मान घे, आता माघारी जा. हे मी लहानपणापासून बघत आलो होतो. आईच्या मागं नारळ धरून गेलोही होतो. पण त्यात जागा आहे, दिवस आहे, म्हणजे ते मोजमाप आहे, हे ह्या सर्व्हेवाल्या हवालदाराच्या टाळक्यात कधी शिरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही बायकांच्या मागं फिरलो. "पंचमीला तिसऱ्या पायरीवर." "शनवारी तुळशीच्या कट्ट्याला पानी टेकलं व्हतं, तितं." एकीनंही पंख्याचं नाव काढलं नाही. आठवत नसेल तर सरळ म्हणायच्या, "न्हाई बाई ध्यानात," आणि सासूला हाक मारायच्या. मी गवंड्याची नळी घेतली, पाणी भरलेली पारदर्शक. तिच्या दोन्ही टोकांचं पाणी एका पातळीत राहतं. देवळाच्या दगडापासून सुरुवात करून एकेक पायरी त्या नळीनं मापत गेलो. बचत गटातल्या बायका मोबाइलवर जागा आणि दिवस भरायच्या. महिन्याभरात त्या मला ओरडायला लागल्या, "तात्या, नळीत बुडबुडा हाय, परत मापा."

विजयमाला वहिनींचं दार मी सोडून दिलं होतं. एक घर नसलं तर काय बिघडतं, असं सम्मेदला सांगितलं. त्याला कारण ठाऊक होतं, त्यानं मान हलवली. पण एका दुपारी मी शेजारच्या अंगणात नळी धरून बसलो असताना वहिनी स्वतः बाहेर आल्या आणि माझ्याकडं न बघता मोबाइल भरणाऱ्या बाईला म्हणाल्या, "जिन्याच्या सातव्या पायरीवर. शुक्रवारी सकाळी." एवढंच बोलून आत गेल्या.

तो शुक्रवार म्हणजे बाळासो गेला तो दिवस. नवरा वर गच्चीवर निपचित पडलेला असताना ही बाई जिन्यानं खाली उतरून नदीची ओटी भरत होती, पाण्याला माघारी जा म्हणून सांगत होती. मी त्या जिन्याच्या सात पायऱ्या मापल्या. मग पहिल्यापासून परत मापल्या.

आता दुसऱ्या माणसाची ओळख करून देतो. सम्मेदनं दोनच म्हटलं होतं, त्यातला दुसरा दिग्विजय. जत तालुक्यातला प्राथमिक शिक्षक. त्याच्या गावात मार्चपासून टँकर लागतो. हा माणूस शाळा सुटल्यावर उपग्रहाच्या फोटोवरून आमच्या नदीकाठच्या गावांची एकूणएक घरं नकाशावर काढत बसायचा. मी त्याला फोनवर विचारलं, "तुमच्यात प्यायला पानी न्हाई, आन तू आमचा पूर कशाला काढतुयास रं?" तो हसला. "आज तुमची घरं मी काढतो तात्या. उद्या आमच्या वस्त्यांचे रस्ते काढाय तुमी या. टँकरवाला निम्म्या वस्त्या चुकतोय."

मग आम्ही गेलो. घाटगल्लीतल्या अकरा बायका वडापची जीप ठरवून जतला गेल्या आणि दोन दिवस वस्त्यावस्त्यांवर हिंडल्या. तिकडच्या बायका कानडीत बोलायच्या, आमच्या मराठीत, आणि मधे तो मोबाइल. दोघींनाही दुसरीचं निम्मं कळायचं आणि तेवढं पुरायचं. परत आल्यावर आमच्यातली एक मला म्हणाली, "तात्या, तितल्या बायका पान्याची वाट बघत दिवस काडत्यात. आपुन पान्याला जा म्हणतो." 

अशी माणसं जोडत गेली. दोनाचे वीस झाले, विसाचे दीडशे. नदीकाठच्या आणखी चार गावांतल्या बायकांनी आपापल्या ओट्यांच्या जागा नळीनं मापून दिल्या. महाबळेश्वरचा जोतिबा नावाचा टॅक्सीवाला आला. त्याच्या स्ट्रॉबेरीच्या रानात पाऊस मोजायचं भांडं होतं. पर्यटक नसले की पावसाळ्यात त्याला काम नसायचं, म्हणून रोज सकाळी भांड्याचा फोटो पाठवायचा. वरच्या पुलांवरची पाणी मोजायची पट्टी बघून आकडा टाकणारी माणसं मिळाली. ह्यांतल्या कुणी कुणाचं तोंड बघितलेलं नव्हतं. कुणाला कुणी पगार देत नव्हतं, हुकूम तर कुणीच देत नव्हतं. फौजेत चोवीस वर्षं काढलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो.

सगळ्या जागा भरून झाल्या तेव्हा सम्मेदनं देवळाच्या कट्ट्यावर लॅपटॉप उघडला. चारशे बारा जागा होत्या. एकाच दिवशी भरलेल्या ओट्यांच्या जागा त्यानं कॉम्प्युटरला रेघेनं जोडायला सांगितल्या. खरं असेल तर ती रेघ म्हणजे त्या दिवशीची नदीची पाठ. वरच्या गावाकडून सांगलीकडं अगदी किंचित उतरत जायला हवी. अशी रेघ काढायला आम्हाला फौजेत यंत्रं लागायची, तुकडी लागायची, आठवडे लागायचे, आणि तरी दोनदा चुकायची.

एकेका दिवसाची रेघ आली. सरळ, वरून खाली, सांगलीच्या दिशेनं. पाच गावांतल्या चारशे बारा जागा त्या रेघांवर येऊन बसल्या होत्या, आणि जी जास्तीत जास्त चुकली होती ती चार बोटं. चावडीत चार फुटांचा फरक सांगणाऱ्या त्या दोन भावांच्या बायकांचं पाणी बोटभरसुद्धा इकडंतिकडं नव्हतं. मी चष्मा काढून पुसला आणि परत बघितलं.  कुणी पंचमीला, कुणी शनिवारी, कुणी रडत, कुणी पोराला कडेवर घेऊन जे हळदकुंकू वाहिलं होतं, त्यातून अख्खी कृष्णा उभी राहिली होती, आणि त्यात एक खोटा शब्द नव्हता. मी आजवर हिमालयाचे नकाशे हाताळले आहेत. पण असा नकाशा मी बघितला नव्हता. मी अंबूबाईंच्या पायाला हात लावला. त्या म्हणाल्या, "उट, शेंगा सांडतील."

यंदा श्रावणात पाऊस लागला तो थांबेना. जोतिबाच्या भांड्याचे फोटो यायला लागले, एकेका दिवसात दहा दहा इंच. तिसऱ्या दिवशी फोटोखाली त्यानं लिहिलं, "तात्या, भांडं भरून वाहिलं. सकाळपासून दोनदा वतलंय." वरच्या पुलांवरचे आकडे चढत आले. सम्मेदनं सगळं नकाशात घातलं आणि सकाळी आठला मला फोन केला. "उद्या दुपारी आयर्विनला त्रेपन्न फूट. अर्धा फूट इकडंतिकडं."

खालच्या आळीतल्या एकोणतीस घरांत पाणी शिरणार होतं. त्या घरांना सांगायला अंबूबाईच काठी टेकत गेल्या. सोबतच्या बचत गटातल्या बायकांनी मोबाइलवर कुणाच्या दाराला किती ते प्रत्येकीला दाखवलं. दहा वाजेपर्यंत म्हशी, माणसं, पेट्या सगळं शाळेत पोचलं होतं. कुणी वाद घातला नाही, कारण आकडा त्यांचा स्वतःचाच होता.

राहिली आमची घाटगल्ली, खालच्या आळीपेक्षा उंचावरची. तिथं प्रश्न एकाच घराचा होता. प्रियदर्शनी बाळंतपणाला माहेरी आलेली, ऑपरेशन करून बाळ झालेलं, नववा दिवस. टाक्याला पू धरला होता, अंगात ताप होता. डॉक्टरांनी हलवू नका म्हणून बजावलं होतं. शाळा तीन किलोमीटरवर, उघडी ट्रॉली, वरून कोसळणारा पाऊस, आणि एका खोलीत पन्नास माणसं. न हलवावं तर वाटेतला ओढा दुपारी बुडणार होता. एकदा तो बुडाला की मग आम्ही गल्लीत कोंडलेले, पाणी कितीही येवो.

साडेदहाला विजयमाला वहिनी माझ्या दारात आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ट्रॅक्टर रस्त्यात उभा होता, चालकानं इंजिन चालू ठेवलं होतं.

"भावजी," त्या म्हणाल्या, "पानी आमच्यात येनार का न्हाई?"

मी मोबाइल पुढं केला. त्यांच्या घरावर बोट ठेवलं. त्यांच्याच जिन्याच्या सातव्या पायरीवरून त्यांच्या उंबऱ्याची उंची निघाली होती. उंबरा आयर्विनच्या चोपन्न फुटांना भिजतो. उद्या जास्तीत जास्त साडेत्रेपन्न. मी सगळं समजावत सुटलो, महाबळेश्वरचं भांडं, वरचे पूल, चारशे बारा जागा. त्या ऐकत होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "त्ये कळलं. येनार का न्हाई ते सांगा."

मला माझी चाल कळली. मी नकाशाच्या मागं लपत होतो. उद्या चुकलं तर सम्मेद चुकला, जोतिबा चुकला, बायका चुकल्या, आकाराम नाही.  तेच दार, तीच बाई, आणि माझ्या तोंडात पुन्हा तेच शब्द यायचे होते. जा म्हणालो असतो तर माझी सुटका होती. त्या पोरीचं काय झालं असतं ते देव जाणे, पण माझ्यावर काही आलं नसतं.

"येनार न्हाई वहिनी," मी म्हणालो. "मी सांगतोय. आन मी तुमच्या पायरीवर बसतोय."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग वळून ट्रॅक्टरवाल्याला हातानं जा म्हणाल्या.

ओढा साडेबाराला बुडाला. मी इरलं घेऊन त्यांच्या सगळ्यात खालच्या पायरीवर बसलो. दारापुढच्या ह्या पायऱ्या पाच. संध्याकाळी पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं, रात्रीतून वर सरकत राहिलं, आणि सकाळी पहिल्या पायरीला लागलं तेव्हा मी दुसरीवर बसलो. आतून बाळाचं रडणं ऐकू येत होतं. दर तासाला जोतिबाचा निरोप येत होता, सम्मेदचा येत होता. दिग्विजय शाळेत पोरांना बसवून मधल्या सुट्टीत विचारत होता, "तात्या, कुठवर?" मी पायरीचा नंबर कळवत होतो. दुसरी बुडाली. तिसरीवर सरकलो. साडेअकराला तिसरीही गेली, आणि मी चौथीवर बसून देवाचं नाव घ्यायला लागलो, जे मी सहसा घेत नाही.

एक वाजता पाणी चौथ्या पायरीच्या कडेला टेकलं. मी खडूनं खूण केली. दीडला खूण तशीच. दोनला तशीच. अडीचला खुणेच्या खाली एक बारीक ओला पट्टा दिसायला लागला. पाणी उतरलं होतं, अर्धं बोट. उंबरा एक वीत वर कोरडा होता.

मी उठायला गेलो तर पाय मुंग्यांनी भरलेले, उठवेना. तसाच बसून त्या पाण्याकडं बघत राहिलो. डोंगरातल्या एका भांड्यापासून ह्या खडूच्या खुणेपर्यंत दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर पाणी आलं होतं, आणि ते कुठं थांबणार ते शेतातल्या, चुलीपुढच्या, टॅक्सीतल्या, टँकरच्या रांगेतल्या माणसांनी आदल्या दिवशी सांगितलं होतं. मला नदीची भीती वाटत नव्हती. त्या माणसांपुढं मात्र मी फार बारका झालो होतो.

वहिनी ताट घेऊन बाहेर आल्या. चौथ्या पायरीवर बसून त्यांनी ओटी भरली, विधवेनं भरू नये म्हणतात तरी. नारळ पाण्यात सोडला. मग ताट मांडीवर घेऊन माझ्या शेजारीच बसल्या.

"त्या वक्ताला," त्या पाण्याकडं बघत म्हणाल्या, "मी ह्यास्नी म्हनत हुते, जाऊ या. ह्यांनी तुमचं ऐकलं. मला वाटायचं, फौजेत नकाशे बगितलेला मानूस. ह्येला खरं काय ते ठावं असनार. ठावं असून बोलायच्या नादात सांगितलं न्हाई. इतकी वर्सं मी त्येच धरून हुते."

मी खडूच्या खुणेकडं बघितलं.

"काल तुमी सांगत हुता तवा मी मोजत हुते. म्हाबळेसरचा त्यो, जतचा मास्तर, पाच गावच्या बायका, पुलावरची मानसं. येवढी मानसं मिळून सांगत्यात तवा कुटं कळतंय, पानी येनार का न्हाई." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "त्ये तुमाला एकट्याला कुटनं कळनार हुतं, भावजी?"

साठीच्या माणसानं रडू नये असं म्हणतात. मी गुडघ्यात तोंड घालून हमसाहमशी रडलो. वहिनी उठल्या नाहीत. थोड्या वेळानं प्रियदर्शनीनं आतून हाक मारली, बाळाचं दूध झालं, तात्यांना आत येऊन चहा घ्यायला सांग. मी भिंत धरून उठलो आणि त्या घरात गेलो.